कवळीवाला आणि सासऱ्यांचा बँजो

दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्याला तीन खोल्या आहेत. पुढच्या खोलीत लोक घाबरून बसतात, मधल्या खोलीत तोंड उघडतात, आणि मागच्या खोलीत, जिथे पेशंट कधी फिरकत नाही, तिथे एक गृहस्थ गेली एकतीस वर्षं दात बनवत आहेत. सुटा दात, अर्धी कवळी, पूर्ण कवळी. आजूबाजूच्या चार गल्ल्यांतले निम्मे म्हातारे त्यांनी केलेल्या दातांनी हसतात आणि त्याच दातांनी घरच्यांवर डाफरतात. या गृहस्थांचं खरं नाव आता कागदोपत्रीच उरलं आहे. सगळे त्यांना कवळीवाले म्हणतात आणि त्यांनाही त्याचं काही वाटेनासं झालं आहे.

माणूस शिस्तीचा. टेबलावर हत्यारं डावीकडून उजवीकडे, ज्या क्रमाने लागतात त्याच क्रमाने मांडलेली: मेण कापायची सुरी, चिमटा, कानस, पॉलिशचा ब्रश. काम करताना बोलणं नाही, कारण कालवलेलं प्लास्टर कुणाचं बोलणं संपायची वाट बघत नाही. गाणंबजावणं त्यांच्या आयुष्यात कधी आलंच नव्हतं. लग्न ठरताना बायकोने विचारलं होतं, तुम्हाला गाणं आवडतं का? त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं, आवाज फार मोठा नसेल तर चालतं.

आणि सासरे मिळाले ते नेमके बँजो वाजवणारे.

हा बँजो म्हणजे बटणं दाबून वाजवतात तो नव्हे. डफासारखं गोल अंग, त्यावर ताणलेलं चामडं, पुढे लांब मान आणि पाच तारा. त्यातली पाचवी आखूड; तिची खुंटी मानेच्या अर्ध्यातच बाहेर आलेली, जणू कुणीतरी विसरलेली आठवल्यावर घाईघाईने ठोकून दिली आहे. सासऱ्यांनी नोकरी केली बसडेपोत ब्रेक तपासण्याची, पण त्यांची खरी ओळख रविवारची. दर रविवारी सकाळी सुताराच्या कारखान्यात तिघं जमायची. सुतार गिटार घेऊन, शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या बाई व्हायोलिन घेऊन, आणि सासरे बँजो घेऊन. वाजवायचं ते ब्लूग्रास, म्हणजे नुसत्या तारांचं, पळत्या लयीचं संगीत. त्यात सासऱ्यांची बोटं अशी पळायची की बाकीची दोघं त्यांना तुफान म्हणत. 'गिरणीची वाट' ही त्यांची हातखंडा धून. ती सुरू झाली की रस्त्यावरून जाणारा माणूस सायकलवरून उतरून दाराशी उभा राहायचा.

मग सासऱ्यांचा उजवा हात थरथरायला लागला. आधी चहाच्या कपात, मग सहीत, आणि एका रविवारी तारांवर. 'गिरणीची वाट' मध्यावर असताना बोट भलत्याच तारेवर पडलं. पुन्हा पडलं. तिसऱ्यांदा पडलं तेव्हा ते थांबले, बँजो पेटीत ठेवला, पेटीच्या दोन्ही कड्या लावल्या, "तुमचं चालू द्या" म्हणाले आणि घरी आले. घरी म्हणजे लेकीकडे. सासूबाई गेल्यापासून ते तिथेच राहत होते.

पेटी पलंगाखाली गेली आणि सासरे खिडकीजवळच्या लाकडी खुर्चीत. पहिल्या आठवड्यात बोलणं कमी झालं, दुसऱ्यात जेवण, आणि महिन्याभराने हे घर आपलं नव्हेच अशा चेहऱ्याने ते बसून राहायला लागले. हाताच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की थरथर जाणार नाही, पण त्यापलीकडे माणूस ठणठणीत आहे. लेकीला या ठणठणीतचाच राग आला. ती वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याचं काम करते. हळू आवाजात बोलायची तिला सवय आहे. त्या संध्याकाळी भांडी आवरताना ती नवऱ्याला तशीच हळू म्हणाली, "माझे बाबा त्या खुर्चीत बसून संपतायत, आणि आपण दोघं बघतोय."

उपायही तिच्याकडेच होता. तिचं म्हणणं असं की बाबा कशापुढेही गप्प बसतील, पण चुकलेल्या सुरापुढे नाही. लहानपणी शेजारचा माणूस अंघोळीत बेसूर गायचा, तर बाबा खिडकीतून त्याला सूर सांगायचे. तेव्हा पेटी काढायची आणि बँजो वाजवायचा.

"मला येत नाही," कवळीवाले म्हणाले.

"म्हणूनच तर तुम्हाला सांगतेय."

दुसऱ्या दिवशी कामावरून आल्यावर त्यांनी शेजारच्या खोलीत बसून बँजो मांडीवर घेतला. धून कानात होती. तीस वर्षं सासरवाडीच्या दाराआडून ऐकलेली. ती त्यांनी उजव्या अंगठ्याने शोधायला सुरुवात केली. एक सूर, मग बराच विचार, मग दुसरा सूर. नळ गळावा तसं ते चाललं होतं. आठ दिवस पलीकडून हूं की चूं आलं नाही. बायको म्हणाली, अजून वाईट वाजवा. कवळीवाले म्हणाले, याहून वाईट मला जमणार नाही, मी जीव तोडून चांगलं वाजवतोय.

नवव्या दिवशी पलीकडच्या खोलीतून आवाज आला, "दुसरी तार उतरली आहे."

स्वयंपाकघरात बायकोच्या हातातला डाव तसाच राहिला. कवळीवाल्यांनी न राहवून विचारलं, "कुठली दुसरी?"

"खालून मोजा. वरून कोण मोजतं?"

तिथून शिकवणी सुरू झाली. ठरवून नाही, सासरे खुर्चीतून उठलेसुद्धा नाहीत. मध्ये भिंत, अलीकडे जावई, पलीकडे सासरे, आणि भिंतीतून हुकूम. अंगठ्याने किती दिवस टोचत बसणार, बोटं कशाला दिली आहेत? पेटीच्या कप्प्यात डबी आहे, त्यातल्या नख्या चढवा. डबीत एक प्लास्टिकची अंगठ्याची आणि दोन पत्र्याच्या बोटांच्या नख्या निघाल्या. तीन बोटांची ही पद्धत, हीच ब्लूग्रासची. अंगठा, पहिलं बोट, मधलं बोट एकामागून एक तारांवर फिरत राहतात, आठ सुरांचं एक चक्र पुरं होतं आणि लगेच दुसरं सुरू. त्याला रोल म्हणतात. मूळ धून त्या आठांमध्ये कुठेतरी दोन-तीन ठिकाणी लपलेली असते, आणि ती ऐकणाऱ्याला सापडली पाहिजे. कवळीवाल्यांना ती स्वतःलाच सापडत नव्हती. बोटं हातावर वाढली आहेत की दुसऱ्या कुणाची चिकटवली आहेत, अशी शंका यावी इतकी ती ऐकेनात.

"जावईबापू," भिंत म्हणायची, "ब्रेक लावून गाडी चालवताय. पुन्हा. सावकाश." आणि लाकडी खुर्चीच्या हातावर ठोका पडायला लागायचा. टक्, टक्, टक्, टक्.

शिस्तीच्या माणसाने मग शिस्तीचा मार्ग काढला. धून त्यांनी आकड्यांत लिहून काढली. दवाखान्यात प्रत्येक दाताला दोन आकडी नंबर असतो. पहिला आकडा जबड्याचा भाग, दुसरा त्या भागातला दात. एकतीस वर्षं डोळ्यांना तेच वळण. म्हणून त्यांनी बँजोलाही तेच लावलं: पहिला आकडा तारेचा, दुसरा मानेवरच्या पट्टीचा. तिसरी तार दुसऱ्या पट्टीवर दाबली की बत्तीस. न दाबता सोडली की तीस. पाचवी तार बहुतेक मोकळीच वाजते, म्हणून पन्नास. अशी 'गिरणीची वाट' त्यांनी दवाखान्याच्याच चिठ्ठ्यांवर उतरवली आणि जेवणाच्या सुट्टीत टेबलाच्या कडेवर बोटं आपटत घोकायला लागले.

व्हायचं तेच झालं. एका सकाळी डॉक्टरीणबाईंनी एका पेशंटच्या कवळीतल्या दातांच्या नंबरांची यादी मागितली आणि कवळीवाल्यांनी खिशातली चिठ्ठी दिली. पाच मिनिटांनी बाई स्वतः मागच्या खोलीत आल्या. त्यांच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, पण कामात कडक.

"काका, दातांना शून्य नंबर कधीपासून लागला? आणि हा पन्नास कुणाच्या तोंडात असतो? या माणसाला सोळा वेळा लिहिलाय."

कवळीवाले गोंधळून म्हणाले, "तो अंगठ्याने वाजवायचा असतो."

मग सगळं सांगणं भाग पडलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं, चिठ्ठी परत दिली आणि खरी यादी घेऊन गेल्या. पण त्या दिवसापासून दुपारी मधली खोली रिकामी असली की दारातून डोकावून विचारायच्या, पन्नास नंबर कुठवर आला?

पाच महिन्यांत पन्नास नंबर बराच पुढे आला. तुफान नव्हे, पण वाऱ्याची झुळूक म्हणावी इतपत 'गिरणीची वाट' कवळीवाल्यांच्या तीन बोटांतून यायला लागली. सासरे जेवायला लागले, बोलायला लागले, बोलण्यात टोमणे आले. बायकोचा जीव भांड्यात पडला. एका संध्याकाळी सुतार भेटायला आला. दोन घोट चहा झाल्यावर त्याने विषय काढला की रविवारी या, नुसते बसा, कारखाना ओकाबोका वाटतो.

सासरे अगदी सहज म्हणाले, "माझं आता झालं. जावयांना घेऊन जा माझ्या जागी. अजून कच्चे आहेत, पण मोजून वाजवतात."

सुतार खूश झाला. बायकोही क्षणभर खूश झाली. कवळीवाले मात्र कप धरून तसेच बसले. त्यांच्या लक्षात आलं की आपण भलतंच करून ठेवलं. ज्या माणसाला पुन्हा उभं करायला निघालो, त्याला आपण बसून राहायला चांगलं कारण मिळवून दिलं. जागा भरली, म्हणजे ती सोडल्याचं दुःख करायचीही म्हाताऱ्याला गरज उरली नाही. सुतार गेल्यावर त्यांनी बँजो सासऱ्यांपुढे धरला. सासऱ्यांनी हात मांडीखाली घेतला, लहान मूल औषधापुढे घेतं तसा, आणि खिडकीकडे बघत म्हणाले की ठेवा तो, चामड्याला ऊन लागेल. ऊन केव्हाच उतरलं होतं.

पुढचे काही दिवस कवळीवाले वाजवायचे कमी आणि बघायचे जास्त. बघणं हा त्यांचा धंदाच. तोंडात कवळी कुठे टेकते आणि कुठे टोचते हे माणूस सांगू शकत नाही, ते बघून ओळखावं लागतं. एका सकाळी त्यांना दिसलं: सासऱ्यांनी कप उचलला, बशीत चहा सांडला, कप ठेवला आणि त्याच हाताने खुर्चीच्या हातावर ठोका धरला. टक्, टक्, टक्, टक्. पाच महिने भिंतीतून येणारा तोच ठोका. अर्धवट मिटलेली मूठ मनगटातून खाली येत होती आणि तीळभरही चुकत नव्हती. तो हात काही धरायला गेला की थरथरत होता. पडायला सोडला की बरोबर जागेवर पडत होता.

ते सुताराकडे गेले आणि विचारलं, बोटांनी छेडण्याऐवजी हात असा आपटून बँजो वाजवतात का हो? सुताराने रंधा बाजूला ठेवला. वाजवतात की, तो म्हणाला. ब्लूग्रासच्या आधीची पद्धत ती, पुस्तकात तिला क्लॉहॅमर म्हणतात. मूठ अर्धी मिटायची, अख्खा हात खाली सोडायचा, पहिल्या बोटाच्या नखाची पाठ तारेवर आपटते आणि मागून अंगठा आखूड तारेला हलकेच सोडवून घेतो. आता इकडे कुणी वाजवत नाही. "पण तुफानपुढे त्याचं नाव काढू नका," सुताराने बजावलं. "त्याच्या आईचा हात तसा होता. विषय निघाला की तो उठून जातो. का, ते चाळीस वर्षांत मी विचारलेलं नाही."

कवळीवाल्यांनी नाव काढलं नाही. नुसतं वाजवायला घेतलं, शेजारच्या खोलीत. तीन बोटांच्या सवयीमुळे बोट खाली आपटायच्या ऐवजी तारेला वर ओढत होतं आणि आवाज येत होता तो फाटक्या पत्र्याचा. पहिला दिवस भिंत गप्प. दुसरा दिवस गप्प, आणि जेवणावरही सासरे गप्प. बायको नवऱ्याला म्हणाली की आहे तेही घालवून बसाल. तिसऱ्या दिवशी खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. सासरे दारात उभे होते. सात महिन्यांत या खोलीत ते पहिल्यांदा आले होते.

"ओढताय कशाला? तार आहे ती, दात नव्हे. सोडा हात. असा." आणि त्यांनी बँजो जवळजवळ हिसकावून घेतला, पलंगाच्या कडेला टेकले आणि हात सोडला. एक, दोन, तीन ठोके. तीन वेळा अंगठा मागून आला. स्वच्छ, गोल, एकसारखे सूर. चौथ्याला नख मुळापासून मोडलं आणि बोटाला रक्त आलं. ऐंशीच्या घरातलं पातळ नख ते, किती टिकणार?

"झालं समाधान?" सासऱ्यांनी बँजो परत दिला आणि बोट चोखत खुर्चीत जाऊन बसले.

झालं होतं. तीन ठोके पुरेसे होते. आणि नख हा प्रश्न असा होता की सबंध गावात तो सोडवायला यांच्याइतका लायक माणूस शोधून सापडला नसता.

दुसऱ्या दिवशी कवळीवाले घरी मापाची पावडर घेऊन आले. पाण्यात कालवली की तिचा गुळगुळीत लगदा होतो. त्यात दात रुतवले की दोन मिनिटांत घट्ट होतो आणि साचा तयार. दातांऐवजी बोट, एवढाच फरक. सासरे नको नको म्हणाले, पण उपहासाने का होईना, त्यांनी वाटीत बोट घातलं. ते थरथरलं आणि साचा फिसकटला. दुसऱ्या वाटीचंही तेच झालं.

"हलतोय हात. तुमचं सामान फुकट जाईल."

"हलू दे," कवळीवाले म्हणाले. हलू नका म्हटलं की माणूस हलतो, हे ते डॉक्टरीणबाईंकडून शिकले होते. बाई अशा वेळी पेशंटला भलतंच काही विचारतात. त्यांनी तिसरी वाटी कालवली, बोट आत गेल्यावर मनगटाखाली उशी सरकवली आणि विचारलं, "तुमच्या आई कुठे बसून वाजवायच्या?"

सासऱ्यांनी वर पाहिलं. उठून जायला हात मोकळा नव्हता.

"मागच्या पायरीवर," ते म्हणाले. आणि मग, कुणी पुन्हा न विचारता, पुढचं सांगत गेले. भांडी धुऊन झाली की ती बसायची. 'गिरणीची वाट' ते शिकले ते तिच्याच मांडीशी बसून. सतराव्या वर्षी रेडिओवर तीन बोटांचा बँजो ऐकला आणि डोकं फिरलं. सहा महिन्यांत ते तिच्या दुप्पट वेगाने वाजवायला लागले. "एकदा मित्र आले होते. ती वाजवायला बसली. मी म्हणालो, आई, पुरे ते खरवडणं. सगळे हसले. तीही हसली."

लगदा घट्ट झाला होता. कवळीवाल्यांनी वाटी तशीच धरून ठेवली.

"त्यानंतर मी घरात असताना तिने बँजोला हात लावला नाही. मी यायच्या आत ठेवून द्यायची. मला कळलं ते ती गेल्यावर, शेजारच्यांकडून."

मग कवळीवाले म्हणाले, "बाबा, बोट काढा. सरळ वर." साच्यात कातडीची रेघ न् रेघ उमटली होती.

"आता वाजवलं तर तिला बरं वाटेल, असलं काही मला सांगू नका."

"नाही सांगणार. मी फक्त नख करतोय."

पहिलं नख त्यांनी कवळीच्या ॲक्रिलिकचं केलं, नेहमीच्या हाताने, आणि नेहमीच्या हातानेच चूक केली. ते दातासारखं जाड आणि चकचकीत झालं. तारेवर आपटलं की थंडीत दातावर दात वाजावेत तसा आवाज. सासरे म्हणाले, हे माझ्यासोबत वाजवत नाहीये, मला चावतंय. दुसरं अर्ध्या जाडीचं केलं, टोक कानशीने खरखरीत ठेवलं, आणि मागे पहिल्या पेरावर बसेल अशी बोटाच्याच मापाची टोपी. रंगासाठी दातांच्या छटांची पट्टी सासऱ्यांच्या बोटाला लावून पाहिली. जुळली ती जन्मभर विडी ओढणाऱ्यांसाठी ठेवलेली छटा. डॉक्टरीणबाईंनी ते नख उजेडात धरून तोंडात बसवायच्या कवळीसारखं सगळीकडून तपासलं आणि म्हणाल्या, "काका, एकतीस वर्षांत तुमचं इतकं चोख बसलेलं काम मी पाहिलं नाही." बाईंना दवाखान्यात येऊन बाराच वर्षं झाली होती, पण कवळीवाल्यांनी ती चूक दुरुस्त केली नाही.

मग रोज सकाळी सात ते आठ. आता सासरे शिकणारे. साठ वर्षांच्या तीन बोटांच्या सवयी तोडून एका बोटाने आणि अंगठ्याने तीच धून पुन्हा उभी करायची, तीही आईचा हात कसा पडायचा ते आठवून आठवून. सगळंच जमत होतं असं नाही. अंगठा आखूड तारेला धरायला गेला की थरथर परत यायची आणि सूर निसटायचा. काही दिवस असे गेले की म्हातारा नख काढून टेबलावर फेकायचा. तेव्हा कवळीवाले मुकाट्याने ते उचलून ब्रशने पुसून ठेवायचे. जे चांगले दिवस होते त्यांत मात्र खोलीत एक वेगळीच धून यायची. पळणारी नव्हे, चालणारी, पायाखाली माती असलेली. बायको वाचनालयात जायच्या गडबडीत दाराशी थांबायची आणि रोज उशिरा पोचायची.

दीड महिन्याने एका शनिवारी सासऱ्यांनी स्वतःच विचारलं, "सुताराचा कारखाना अजून नऊलाच उघडतो का?"

कारखान्यात भुशाचा वास होता आणि खिडकीतून येणाऱ्या उन्हात भुसा तरंगत होता. सुताराने एक स्टूल झटकून पुढे केलं. भूगोलाच्या बाईंनी चष्मा वर करून सासऱ्यांच्या बोटावरच्या नखाकडे पाहिलं, पण विचारलं नाही. इतक्या वर्षांच्या ओळखीत तेवढं कळतं. कवळीवाल्यांसाठी सुताराने कुणाचा तरी दुसरा बँजो आणून ठेवला होता. ठरलं असं की तीन बोटांचा रोल त्यांनी धरायचा आणि धून सासऱ्यांनी न्यायची.

सासऱ्यांनी हात वर घेतला. तो हवेत थरथरत होता, सगळ्यांना दिसेल इतका. मग त्यांनी तो सोडला.

पहिला भाग सुरळीत गेला. सुताराची गिटार खालून आधार देत होती, बाईंचं व्हायोलिन वरून तरंगत होतं, कवळीवाले मनात आठ आकडे मोजत होते. दुसऱ्या भागाच्या वळणावर सासरे अचानक थांबल्यासारखे झाले. बाकीची तिघं पुढे निघून गेली आणि धडपडली. बाईंनी गज खाली घेतला.

"चुकलं का?" बाईंनी हलकेच विचारलं.

"नाही," सासरे म्हणाले. तारांकडे बघत त्यांनी तो तुकडा एकट्याने वाजवला. वळणावर बोट नुसतं वर राहिलं, अंगठ्याखाली आखूड तार दोनदा वाजली, आणि मग धून पुढे निघाली. "आई इथे दोन ठोके थांबायची. वेगात ते बसेनात म्हणून मी काढून टाकले. तुम्हाला मी शिकवली ती माझी, काढून टाकलेली."

सुतार म्हणाला, "म्हणजे चाळीस वर्षं आम्ही अर्धवटच वाजवतोय?"

"दोन ठोके कमी," सासरे म्हणाले. "आता ते ठेवायचे."

दुसऱ्या वेळी कवळीवालेच पडले. आठांच्या चक्रात हे जादा दोन ठोके कुठे घालायचे हे त्यांच्या हिशेबात बसेना. सासऱ्यांनी वाजवता वाजवता मान वळवली. "मोजू नका," ते म्हणाले, "माझ्या हाताकडे बघा." कवळीवाल्यांनी मोजणं सोडलं. त्यांनी नजर त्या हातावर ठेवली. वळण आलं, सासऱ्यांचं बोट वर राहिलं, आखूड तार दोनदा वाजली, कवळीवाल्यांची तीन बोटं तोवर एकाच तारेवर घुटमळली, आणि ते बोट खाली आलं तसे चौघं एकदम पुढच्या वाटेला लागले.

बाईंना ते नीट लिहून घ्यायचं होतं. त्यांनी पिशवीतून पेन्सिल काढली आणि सांगितलं की एकट्याने वाजवा, पहिल्यापासून, मी थांबवीन तिथे थांबा. सासऱ्यांनी वाजवलं. बाईंनी सहा वेळा थांबवलं आणि सहाही वेळा सासरे चिडले. दोनदा अंगठा निसटला. तेव्हा ते "हे लिहू नका" म्हणून पुन्हा मागून आले. सुताराला घरी पाहुणे यायचे होते. त्याने गिटार टांगली, खिडक्या लावल्या, किल्ल्या हातात घेतल्या, दोनदा वाजवून दाखवल्या. म्हातारा काही स्टुलावरून उठायला तयार नव्हता.